बारकूचे दात

माई : …आणि हा बघ, आरामखुर्चीचा पाय! हा पाय आहे की उसाचं कांडं? घे मालन, तुझा कुत्रा तुला परत. पाटीत घाल आणि मानपाड्याला घेऊन जा.

मालन : आता कशी नेव, माई? पाटीन भेंडी हाय, शिराली हान. त्यांचेवर कुतरा बसवला तं माजी भाजी कोन घेल?

माई : आणलास तेव्हा पाटीतूनच आणला होतास ना?

मालन : तवा मुठीएवरा व्हता. आन तुमीच सांगलाव, मालन, मना कुतरा पायजे. गुरवारचा कुतरा जेवल्याबिगर तुमी जेवाव नाय, आन गल्लीतला एक कुतरा येल तं शपत! तिनसांजपरयंत उपाशी बसलेलाव त्या दिशी. मीच बगली ना तुमाला, पायरीवर, हातान भाकर घेऊन.

माई : दत्ताचा गुरुवार आहे तो. पहिला घास कुत्र्याच्या तोंडात पडायला हवा, हे खरं. पण दत्तानं एक घास सांगितलाय. सगळं घर त्याच्या तोंडात घाला असं नाही सांगितलं.

सुमेधा : माई, लहान आहे हो तो अजून. दात येतायत त्याला.

माई : दात तुझ्या नवऱ्यालाही आले होते. त्यानं नाही कधी खुर्ची खाल्ली.

मालन : मंग मधूभाऊ काय खात व्हते?

माई : माझं बोट. आणि खुर्चीचं सोड एक वेळ. काल माझं सोवळ्याचं लुगडं ओढलं वलणीवरून. एवढी उंच वलणी, काठीनं वाळत घालते मी. एक पदर जरा खाली लोंबला, तेवढा पुरला ह्याला. आणि वेळ कुठली, तर मी पूजेला बसलेली, मौनात. मालन, ह्या ध्यानाला माझं मौन कळतं बघ. आंघोळ करून मी गप्प झाले की ह्याचे दात शिवशिवायला लागतात. मी आपली इकडून हुं हुं करतेय, टाळ्या वाजवतेय, आणि हा शेपूट हलवत माझं लुगडं खातोय.

मालन : त्याला वाटलं असंल तुमी आरती करताव.

सुमेधा : मी पाण्याला गेलेले हो विहिरीवर. घरात असते तर धरला असता.

मालन : त्या दिशीपन तू पान्यालाच गेलेलीस नाय गो सुनबाय? तुजा भाऊस ठान्यावरशी आलता तवा. मी या पायरीवरच व्हती. कवरा घाम आलता पोऱ्याला…

सुमेधा : मालन, शिराळी दे ना. कोवळी बघून दे.

मालन : देतंय. हातान कसली पिशवी व्हती त्याचे…

माई : बोलू दे तिला, सुमेधा. तिनं बघितलंय. मालन, तूच सांग, मी त्याला जा म्हटलं का?

मालन : तुमी काय म्हनाल? तुमचा तोंड बंद. तुमी असा हात केलाव.

माई : थांब म्हणून केला. सोवळ्यात होते, जवळ जायचं नाही. मौनात होते, बोलायचं नाही. मग राहिलं काय माझ्याजवळ? हात. तो पुढे केला, की बाबा, थांब जरा, नैवेद्य होऊ दे. तर हा वळला आणि चालायला लागला.

मालन : आता मी खरा सांगू? मनापन तो हात ‘जा’ म्हनताय असाच वाटला.

माई : तुला काहीही वाटतं.

सुमेधा : जाऊ द्या ना, माई. दादा जरा तापटच आहे.

माई : तापट असो की कसाही असो. बहिणीला पहिल्या आषाढात माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून आलास, तर घटकाभर ओसरीवर टेकायचं. मधूला ठाण्याच्या स्टेशनात भेटला, तेव्हा म्हणाला काय, तर तुमच्या आईंनी मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मधूनं सांगितलं त्याला, आईचा चातुर्मासाचा नेम आहे, पूजा होईपर्यंत ती बोलत नाही. तर म्हणे, हे तुमच्या आईंनी मला सांगू दे. म्हणजे माझ्या मुलाच्या वयाच्या माणसाला मी सांगायला जायचं?

मालन : आन मंग पोरीची मंगलागवर? आवस झाली का सरावन लागला.

माई : ती माहेरीच व्हायला हवी, पहिली आहे. मी कुठे नाही म्हणतेय? न्यायला आले की पाठवते. माझ्या हातून काही ती पूजा व्हायची नाही, माझं कपाळ हे असं. सवाष्ण आई आहे हिची, तिनं करायची.

मालन : तुमचा मधूभाऊच सोरून येल ना तिला. रोज ठान्यावरशीच गारी जाते त्याची.

माई : वेडी आहेस का? न्यायला कोणी आलं नसताना नवऱ्यानं नेऊन सोडली, तर लोक काय म्हणतील? टाकली म्हणतील. ते काही नाही. हिच्या भावानं, उत्तमनं, पुन्हा यायचं. आणि तुझा कुत्रा, माझ्या गुरुवारांचं उद्यापन झालं की परत.

सुमेधा : माई, एकदा काही उपाय तर करून बघू. तो चावायचा थांबला, तर राहू दे ना? एवढंच मागते.

माई : कधी काही मागत नाहीस, आणि मागितलंस ते हे!

मालन : उपाव मी सांगतंय. सुका बोंबील बांदा खुर्चीला…

माई : शिव शिव शिव! अगं, चातुर्मास आहे. कांदा नाही घरात.

मालन : तं हारूक द्या चघलाला.

माई : मालन, भाजी ठेव आणि ऊठ तू.

मालन : बरां, नारलाचा सोरन द्या. त्याचेन काय पाप लागत नाय ना?

*

सुमेधा : हे बघा, नारळाचं सोडण घेतलं त्यानं. कसा पायात धरून बसलाय, माई, बघा तरी.

माई : बघितलं. त्या पाट्यावर लक्ष ठेव तू. कडुनिंब बारीक झाला का? आता हे काडेचिराईत घाल. आणि कोरफडीचा गर सगळ्यात शेवटी, म्हणजे चिकटून बसतो.

सुमेधा : वासच किती कडू आहे! डोळ्यांत गेला.

माई : मधूच्या वेळी बाळंतीण होते, तेव्हा काडेचिराइताचाच काढा दिला होता मला. दोन दिवस जीभ माझी नव्हती. साखर खाल्ली तरी कडू. एकदा लागू दे ह्याच्या जिभेला, खुर्चीकडे बघून नमस्कार करील.

सुमेधा : बारकू, ऐकलंस ना? आज रात्री गुपचूप सोडण खायचं. खुर्ची नाही, चपला नाहीत, ह्यांचं धोतर नाही. नाहीतर माई तुला पाटीत घालतील. हो की नाही? हो म्हण.

माई : तो हो म्हणेल. तुझ्यासारखाच आहे. जे सांगाल त्याला हो.

सुमेधा : मी काय केलं?

माई : काही करत नाहीस, तेच. इतक्या महिन्यांत भाजीत मीठ कमी आहे असंसुद्धा तुझ्या तोंडून निघालं नाही. चल, तो पहिला पाय इकडे कर. आतल्या बाजूनंही लाव. …ठाण्याला तुमच्याकडे मंगळागौर कशी मांडतात गं?

सुमेधा : आमच्याकडे… माजघरात चौरंग असतो. आई आदल्या दिवशी तलावाच्या बाजूला जाऊन पत्री गोळा करते. विकत घेतलेली तिला चालत नाही. आघाडा, दूर्वा, कण्हेर, सगळं ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवते. मग घरभर तो वास. टेंभी नाक्यावरच्या सगळ्या मुली येतात. लग्न होऊन गेलेल्यासुद्धा, पोरं कडेवर घेऊन. रात्रभर झिम्मा, फुगड्या. आईला गुडघ्यांमुळे फुगडी होत नाही, पण उखाणे सगळे तीच सांगते. एकीला उखाणा सुचला नाही की मागून हळूच सांगते, आणि मग स्वतःच आधी हसते. …लावलं मी, बघा. चारही पाय झाले.

माई : पाचवा लावतेस की काय? हात थांबव.

सुमेधा : अय्या, हो की.

माई : जावंसं वाटतं का गं तुला?

सुमेधा : ठाणं काय हो, जवळच आहे.

माई : जवळ आहे की लांब, ते नाही विचारलं.

सुमेधा : तुम्ही म्हणाल तेव्हा जाईन.

माई : ह्याला म्हणतात उत्तर! पढवून पाठवलंय तुला. अगं, मी म्हणण्याचा प्रश्नच नाही. उद्या तुझा भाऊ आला, तर परवा तुझी ट्रंक भरून देते. पण तो येत नाही आणि मी बोलावणार नाही. आता ह्यात तुझं काय चुकलं, तर काही नाही. दे ती वाटी. गोधडी आण तुझी.

सुमेधा : गोधडी कशाला?

माई : कोपरा बघितलास का तिचा? काल उन्हात घालताना माझ्या हाताला लागला. पार लगदा केलाय. तुझ्या आईनं स्वतःच्या लुगड्यांची शिवलीय ना? एवढे बारीक टाके, आणि ह्या मेल्यानं चघळून चघळून दोरा न् दोरा सोडवलाय.

सुमेधा : तिला नको लावायला, माई.

माई : का?

सुमेधा : वास जाईल तिचा. म्हणजे… डाग पडेल. हिरवा. आणि बारकूनं नसेलच ते.

माई : मग कुणी? उंदरानं?

सुमेधा : असेल उंदीर.

माई : उंदीर कातरतो. चघळत नाही. जीव लागला म्हणून किती पाठीशी घालावं कुत्र्याला! बरं, नको तर नको. आज त्याला ओसरीवर बांध, साखळी आखूड कर. आणि दिवेलागण होत आली. तुळशीपाशी दिवा लाव जा, मी हात धुते.

*

(दुसऱ्या दिवशी सकाळी. नैवेद्य होऊन घंटा वाजून थांबली आहे.)

माई : गुरुदेव दत्त! सुटलं एकदाचं मौन. सुमेधा, अगं, इकडे ये, इकडे ये! केव्हापासून तोंडात शब्द दाबून बसलेय मी. खुर्ची बघितलीस? एक दात नाही! पहाटे त्याला सोडला तर सरळ खुर्चीपाशी गेला, एकदा जीभ लावली, आणि असं तोंड केलं, असं! मला हसू आवरेना. आरती म्हणतेय मनातल्या मनात आणि हसतेय. देवानं काय म्हटलं असेल!

सुमेधा : मग राहील ना तो आता?

माई : राहील, राहील. जिंकलीस तू. आण चहा. तुझाही आण, आज दोघी ओसरीवर बसून घेऊ.

सुमेधा : हा घ्या. मला नको.

माई : का गं?

सुमेधा : दूध नासलंय की काय कोण जाणे. ह्यांना काही लागलं नाही, पिऊन गेले. मला तर पाणीसुद्धा कसंतरी लागतंय.

माई : बघू? छान झालाय. गूळ जरा जास्तच पडलाय.

सुमेधा : मीच टाकला जास्त. तरी कडू लागला म्हणून ओतून टाकला माझा.

माई : कडू?

सुमेधा : सकाळपासून चुळा भरतेय. मीठ लावून जीभ घासली. काल वाटण केलं ना, ते हाताला राहिलं असेल.

माई : हात तर मीही बरबटले होते. माझं तोंड गोड आहे. बारकू रात्री कुठे होता?

सुमेधा : ओसरीवरच. तुम्ही सांगितलंत तशी साखळी आखूड केलेली. हलला नाही.

माई : आत आला नाही?

सुमेधा : नाही. खरंच नाही, माई, शपथ. त्याला काही म्हणू नका.

माई : त्याला नाही म्हणत. सुमेधा, तू दिवा लावायला गेलीस ना काल तुळशीपाशी, तेव्हा मी तुझ्या गोधडीला लावलं. त्या कोपऱ्याला. तू नको म्हणालीस, पण मला वाटलं, आईची आठवण आहे पोरीची, उगाच कुत्र्याच्या लाडापायी जायची.

सुमेधा : मला वाटलं, वास येतोय तो घरभर लावलंय त्याचाच.

माई : म्हणजे हे सगळे दिवस…

सुमेधा : मुद्दाम नाही हो करत. तोंडात धरते नुसती. आवाज होऊ नये म्हणून. ह्यांना पहाटेची गाडी असते, झोपमोड नको. आणि भिंतीपलीकडे तुम्ही असता. नव्या सुनेचं रडणं ऐकू आलं तर तुम्हाला वाटेल, हिला इथे काय कमी आहे.

माई : रोज?

सुमेधा : रोज नाही. …रोज. पण थोडाच वेळ. मग लागते झोप. तो कोपरा आईच्या मोरपंखी लुगड्याचा आहे, पूजेच्या. त्याला अजून वास होता. आता नाही राहिला, माझ्यामुळेच गेला. चावून चावून.

माई : काल का नाही बोललीस? विचारलं होतं मी. सरळ विचारलं होतं.

सुमेधा : काय बोलू, माई? दादा म्हणतो त्यांनी बोलवावं. तुम्ही म्हणता त्यानं यावं. आणि वर मला विचारता, जावंसं वाटतं का. हो म्हटलं तर कुणाच्या बाजूनं म्हटल्यासारखं होईल?

माई : रडू नकोस. रड. नाही, रड तू. तोंडात काही न धरता रड. शेजारी ऐकू दे.

सुमेधा : तुम्ही नका डोळ्यांना पदर लावू. त्या हाताला लागलं असेल काडेचिराईत.

माई : लागू दे. …ऐक. उद्या सकाळी पहिली कामं आटपली की निघायचं. मी नेते तुला ठाण्याला.

सुमेधा : तुम्ही? सकाळी? आणि तुमचं मौन? पूजा?

माई : पूजा आल्यावर करीन. मौन सोडीन.

सुमेधा : चातुर्मासाचा नेम आहे, माई! मध्येच सोडला तर फुकट जातो, पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो, तुम्हीच सांगितलंत.

माई : तर धरीन पुढच्या आषाढात पहिल्यापासून. जगले तर. देवाशी बोलायला तोंड लागत नाही, म्हणून ते मिटून घेतलं. माझ्या हे लक्षात आलं नाही, की दारात उभा असलेला पोरगा म्हणजे काही देव नव्हे. त्याला ऐकू यायला हवं.

सुमेधा : पण सासू कधी मुऱ्हाळी होते का? तिथले लोक बघतील. ह्यांनी सोडलं तर टाकली म्हणतील, आणि तुम्ही सोडलंत तर काय म्हणतील?

माई : हे आहे खरं. थांब, विचार करू दे. …मी दारातच मोठ्यानं विचारीन, विहीणबाई, मी न्यायला कधी येऊ? सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. टाकलेल्या सुनेला न्यायला कधी येऊ, असं कुणी विचारतं का?

सुमेधा : आणि दादा काही बोलला तर?

माई : तर ऐकीन. चार महिने ऐकायचीच सवय लावतेय स्वतःला, काही उपयोग होऊ दे तिचा. ऊठ, तोंड धू. थोडं तूप आणि साखर ठेव जिभेवर. जायचं नाही म्हणा ते, पण ठेव.

*

मालन : माई! ओ माई! पूजा झाली का? मी उबी रातंय इकरं गपचीप.

माई : ये गं, बोल. नाही झाली अजून.

मालन : आगो बाय! आन तुमी बोलताव?

माई : सोडलं मौन. पुढच्या वर्षी बघू. काय आणलंयस?

मालन : कारली हान, पडवल हाय. सुनबाय कंय हाय? तिला पडवल आवरतो.

माई : ठाण्याला. आज तिची मंगळागौर.

मालन : आला मंग भाऊस?

माई : मी गेले.

मालन : तुमी? तुमी गेलाव तेचे दारान?

माई : गेले. वाटेत सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. असं म्हणेन, तसं म्हणेन. तो कडी काढून समोर उभा राहिला, आणि एक शब्द आठवेल तर शपथ. तोंड उघडं आणि आवाज नाही. इतके दिवस ठरवून गप्प बसत होते, तेव्हा कधी एवढी गप्प झाले नव्हते.

मालन : मंग? त्यानी काय केला?

माई : सुमेधाच्या हातातली ट्रंक घेतली. मग माझ्या हातातली पिशवी घेतली. म्हणाला, ऊन लागलं का वाटेत? बस, एवढंच. मी म्हटलं, बाबा, त्या दिवशी मी थांब म्हणत होते. तर म्हणतो, मलाही नंतर नाक्यावर आल्यावर वाटलं तसं, पण मग परत वळायला लाज वाटली. घ्या! दोघंही एका माळेचे मणी.

मालन : आन तेची आय?

माई : त्या दोघी काही बोलल्याच नाहीत. विहीणबाई हिचा नुसता हात धरून बसल्या. मध्येच हिचं मनगट चाचपून बघायच्या, बारीक झालीस का म्हणून. मीच बोलत होते. पूजेचं, कुत्र्याचं, आमच्या डोंबिवलीच्या विहिरीचं, काय काय बोलले कोण जाणे. आणि निघताना रस्त्यात उभी राहून ओरडले, मी न्यायला कधी येऊ? तर समोरच्या माडीवरची म्हातारी म्हणते, राहू द्या की हो चार दिवस, आत्ताच तर आणलीत!

मालन : तुमी रावाचा व्हता ना मंगलागवरीला. ‘रावा’ नाय म्हनली तुमाला?

माई : नाही गं, खूप आग्रह केला. रात्रभर मुली खेळतील, बघायला थांबा म्हणाल्या. सुमेधानं पदर धरून ठेवला माझा. पण पहिली मंगळागौर आहे. त्या चौरंगासमोर मी कशी बसू? कुणी काही म्हटलं नसतं. म्हणूनच निघाले.

मालन : …कुतरा कंय हाय?

माई : तो काय, फाटकाशी. ती गेल्यापासून तिथेच आहे.

मालन : आता काय खाल्लान नवीन? चपला, धोतर?

माई : काही नाही. खुर्ची पुसून घेतली मी, सगळं कडू धुऊन काढलं. मधूची जुनी चप्पल मुद्दाम टाकली त्याच्यापुढे. नुसती हुंगली आणि मान फिरवली.

मालन : शिकला मंग. बरां झाला तुमाला.

माई : बरं काय त्यात! सकाळी मी पूजेला बसते, घरात कुठे काही फाटत नाही, पडत नाही. मधू आपला जातो गाडीला. विहिरीवरून कोणी घागर घेऊन येत नाही. मी मुद्दाम मोठ्यानं आरती म्हणते आजकाल.

मालन : येल ती आठ दिसानी. जातंय मी, माई. उन तापलां का माजी भाजी सुकाची.

माई : बस ना जरा.

मालन : कंय, पायरीवर?

माई : वर ये. ओसरीवर बस, सावलीला. पाणी देते.

मालन : तुमी सोवल्यान हाव ना?

माई : पुन्हा आंघोळ करीन. बस तू.

मालन : बसली. …आता?

माई : आता बोल काहीतरी.

मालन : मी काय बोलू, माई?

माई : काहीही. पडवळाचं बोल.